पत्रा, लॅगिंग आणि छातीतलं पाणी



गळीत हंगाम संपला की कारखान्याचा भोंगा थांबतो आणि आपण सभासद मंडळी समजतो, आता कारखाना झोपला. प्रत्यक्षात आतली खरी झटापट तेव्हाच सुरू होते. मिलचे रोलर निघतात, ज्यूस हीटरच्या नळ्या साफ होतात, बॉयलरचे दरवाजे उघडतात, वाफेच्या लाईनी ठिकठिकाणी खोलल्या जातात. या ऑफ सीझनच्या कामांतलं एक काम असं, की त्याकडे कधी कोणाचं लक्ष गेलं नाही. ते म्हणजे जुनं लॅगिंग फोडून काढणं.

वाफेच्या पाईपवर जो जाड पांढरा लेप असतो, त्याला लॅगिंग म्हणतात. वाफेची उष्णता वाटेत वाया जाऊ नये म्हणून तो देतात. १९८० सालापूर्वी उभ्या राहिलेल्या कारखान्यांत, मग तो साखरेचा असो, कापडाचा असो की वीज निर्मितीचा, या लेपात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असे. पोत्यांतून पावडर यायची. ती घमेल्यात ओतायची, पाणी घालायचं, कणकेसारखी मळायची आणि हातानं पाईपवर थापायची. बॉयलरच्या दाराला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी, फ्लँजच्या जॉइंटला अ‍ॅस्बेस्टॉसचा गास्केट, जिथे आच लागेल तिथे अ‍ॅस्बेस्टॉसचा पुठ्ठा. पुढे चारसहा वर्षांनी दुरुस्ती निघाली की तोच वाळलेला लेप हातोडी-छिन्नीनं फोडायचा. पिठाच्या गिरणीत उडावं तसं पांढरं पीठ उडायचं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली माणसं संध्याकाळी घरी जायची तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. घरी बायको ते कपडे दगडावर आपटून झाडायची आणि मग धुवायची.

आज या लेखात त्या पांढऱ्या पिठाविषयी बोलायचं आहे. “आम्ही ऊस पिकवणारी माणसं, आमचा बॉयलरशी काय संबंध?” असं कोणी म्हणेल. संबंध आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत एक भाऊ शेतीत आणि एक भाऊ कारखान्यात, अशी वाटणी आहे. शिवाय आपल्या गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा आणि जुन्या उपसा सिंचन योजनांतला ए.सी. पाईप, यांतही तोच जिन्नस आहे. ए.सी. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट.

दगडाचा धागा

अ‍ॅस्बेस्टॉस हा कोणी प्रयोगशाळेत बनवलेला पदार्थ नव्हे. तो खाणीतून निघणारा दगडच आहे. फरक एवढाच, की हा दगड कुटला तर त्याची खडी होत नाही, कापसासारखे तंतू होतात. त्यांचा दोर वळता येतो, कापड विणता येतं. ते कापड जळत नाही, कुजत नाही, आम्लानं सहसा खात नाही. एवढे गुण एका जिनसात, आणि तोही स्वस्त! मग जगभर त्याचा वापर झाला यात नवल नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर ठेवायची जी जाळी असे, तिच्या मधला पांढरा गोलसुद्धा याचाच असायचा.

याचे प्रकार तीन मुख्य: पांढरा, निळा आणि तपकिरी. पांढऱ्याला क्रायसोटाईल म्हणतात. आपल्याकडच्या पत्र्यात तोच असतो, वजनाने साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळं सिमेंट वगैरे. निळा आणि तपकिरी हे जास्त घातक, हे खरे. पण पांढरा निरुपद्रवी आहे असं जे विक्रेते सांगतात ते खरं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसला माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात टाकले आहे. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे.

खोड कुठे आहे? ती त्या धाग्याच्या बारीकपणात आहे. उसाचं पाचट हाताळताना अंगात कुसळं घुसतात, ती दिसतात तरी. हा तंतू उभा चिरत जातो, चिरता चिरता इतका बारीक होतो की माणसाचा केस त्याच्यापुढे वासा वाटावा. तो डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, घशाला खवखव करील असंही नाही. हवेत तासन् तास तरंगतो. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पोकळीपर्यंत जातो. शरीराच्या राखणदार पेशी त्याला गिळायला धावतात, पण तंतू त्यांच्यापेक्षा लांब. त्या अर्ध्यावर अडकून मरतात. दगड विरघळत नाही. मग तिथे सूज, पुन्हा सूज, अशी वर्षानुवर्षं धग राहते. काही तंतू फुप्फुसाच्या बाहेरच्या पातळ आवरणापर्यंत पोचतात.

तीन दुखणी

यातून होणारी दुखणी वेगवेगळी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात म्हणून नीट सांगतो.

पहिलं अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुस आतून चरबट, घट्ट होत जातं. वर्षानुवर्षं भरपूर धूळ खाल्लेल्यांना होतं. दम लागतो, तो वाढतच जातो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. आणि तिसरा मेसोथेलिओमा. फुप्फुसाभोवती जे दुहेरी पातळ अस्तर असतं, त्याचा हा कर्करोग. कधी कधी तो पोटाच्या आतल्या अस्तराचाही होतो. हा रोग तसा विरळा. पण तो झाला म्हणजे बहुतेक वेळा मागे अ‍ॅस्बेस्टॉस सापडतो. एखाद्या रोगाचं बोट इतकं नेमकं एकाच वस्तूकडे असावं, असं वैद्यकशास्त्रात फारसं आढळत नाही.

विडी-सिगारेटचं काय? इथे एक गंमत आहे, अर्थात कडू गंमत. मेसोथेलिओमा विडीने होत नाही. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या वारकऱ्यालाही तो होऊ शकतो. पण फुप्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या हॅमंड, सेलिकॉफ आणि सायडमन यांनी १९७९ साली लॅगिंग कामगारांचा हिशेब प्रसिद्ध केला. दोन्हीपासून दूर असलेल्या माणसाचा धोका एक धरला, तर नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्याचा सुमारे पाच पट, नुसत्या धूम्रपान करणाऱ्याचा सुमारे अकरा पट, आणि दोन्ही करणाऱ्याचा पन्नास पटीहून जास्त. पाच आणि अकराची बेरीज सोळा होते. इथे गुणाकार झाला. तेव्हा ज्याने पूर्वी लॅगिंगचे काम केलं आहे त्याने आज विडी सोडली तर त्याचा फायदा इतरांहून जास्त आहे. वय साठ झालं म्हणून “आता काय सोडायची” असं म्हणू नये.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे काळ. ऊस लावला तर अठरा महिन्यांत हिशेब कळतो. हा रोग तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षं काही बोलत नाही. विशीत लॅगिंग फोडलेला पोरगा निवृत्त होतो, नातवंडांत रमतो, आणि मग एके दिवशी माडी चढताना दम लागतो. त्या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या मनात येत नाही आणि तपासणाऱ्याच्याही येत नाही.

कसं उघडकीला आलं

आपल्याकडे या गोष्टी उशिरा आल्या, पण जगात त्या शंभर वर्षांपासून माहीत आहेत. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाच्या कारखान्यात काम करणारी नेली करशॉ नावाची बाई १९२४ साली वारली. वय तेहतीस. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच वर्षी लेख लिहिला. पुढे सरकारी चौकशी झाली, १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला आणि १९३१ मध्ये इंग्लंडात धूळ रोखण्याचे नियम झाले. म्हणजे आपल्या राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहण्याच्या कितीतरी आधी ही माहिती छापून आलेली होती.

मेसोथेलिओमाचा उलगडा मात्र दक्षिण आफ्रिकेत झाला. केप प्रांताच्या वायव्य भागात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. तिकडचे काही रोगी छातीत पाणी होऊन यायचे आणि क्षयाच्या औषधांना दाद द्यायचे नाहीत. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड या तिघांनी १९६० साली अशा तेहतीस रोग्यांची हकिगत छापली. एक सोडून बाकी सगळ्यांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध लागला. मात्र ते सगळे खाणकामगार नव्हते. कितीतरी जण लहानपणी नुसते खाणीच्या आसपास राहिलेले होते. कचऱ्याच्या ढिगांवर खेळलेली पोरं, मोठेपणी कुठेतरी दूर नोकरीला गेलेली.

न्यूयॉर्कच्या डॉ. सेलिकॉफ यांनी १९६४ मध्ये ज्यांचा हिशेब मांडला ते तर आपल्या लॅगिंगवाल्यांचेच भाऊबंद. युनियनच्या यादीतले ६३२ लॅगिंग कामगार. फुप्फुसाच्या व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने त्यांच्यातले सहा-सात मरायला हवे होते. मेले पंचेचाळीस. आणि १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस व थॉम्प्सन यांनी जे रोगी तपासले त्यांत अशा बायका निघाल्या, ज्यांनी कारखान्याची पायरी कधी चढली नव्हती. त्यांनी फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते.

हे वाचल्यावर सुरुवातीला सांगितलेली, दगडावर कपडे आपटणारी घरधनीण डोळ्यांपुढे येते. तिची नोंद कुठल्याही मस्टरवर नाही.

साखर कारखान्यापुरतं बोलायचं तर इटलीचं उदाहरण आहे. तिथे बीटापासून साखर करतात, पण बॉयलर, वाफेच्या लाईनी आणि इव्हॅपोरेटर हे सगळं आपल्यासारखंच. प्राध्यापक माल्टोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर कारखान्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेल्या मेसोथेलिओमाच्या बारा रोग्यांची नोंद १९९५ साली प्रसिद्ध केली. बारा हा आकडा लहान वाटेल. पण रोगच इतका विरळा आहे की एका धंद्यात बारा ही थोडी गोष्ट नाही.

उसाचं पान आणि भुसा

इथे एक शंका हमखास निघेल. उसाच्या पानालाही धारदार कुसळं असतात, पाचट जाळलं की त्याची राख उडते, बगॅसचा भुसा नाकातोंडात जातो. मग त्यानेही हा रोग होतो का?

शंका रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनीही ती विचारलेली आहे. उसाच्या पानात सिलिका असते, काही कण तंतूसारखे असतात. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या चर्चेत एक नाव नेहमी येतं ते आपल्या मिरजेचं. मिरजेच्या तीन डॉक्टरांनी शेतकरी समाजात आढळलेल्या मेसोथेलिओमावरचा अभ्यास १९७६ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात छापला. नंतर अमेरिकेत ऊस पिकणाऱ्या भागांतही तपास झाला. हवाई बेटांवरचा मोठा अभ्यास १९९४ मध्ये आला. त्यात उसाच्या धंद्यात काम केल्याने मेसोथेलिओमा वाढतो असं दिसलं नाही. तेव्हा उसाच्या शेतात राबणाऱ्याने या रोगाची धास्ती घेण्याचं कारण आज तरी नाही. पाचट जाळू नये हे आपण शेती खात्याच्या सभेत ऐकतोच, त्याची कारणं वेगळी आणि पुरेशी आहेत.

बगॅसचं दुखणं निराळं. उघड्यावर पडून कुबट झालेल्या बगॅसमध्ये एक प्रकारची बुरशीसारखी सूक्ष्म जीवजात वाढते. तिची धूळ श्वासात गेली की काही जणांना चारसहा तासांत थंडीताप, खोकला, दम सुरू होतो. त्याला बगॅसोसिस म्हणतात. तो कर्करोग नव्हे. धूळ टळली की बहुतेकांना उतार पडतो, मात्र वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर फुप्फुस कायमचं खराब होतं. बगॅस यार्डातल्या माणसाने ही दोन नावं एकमेकांत मिसळू नयेत.

दवाखान्यात काय होतं

आता अवघड भाग. समजा, एक निवृत्त फिटर आहे. त्याला दम लागतो, छातीच्या एका बाजूला दुखतं, वजन उतरतं. तालुक्याला फोटो काढला तर एका बाजूला पाणी. बोलणं असं होतं:

“काका, विडी ओढता?”

“नाही साहेब. माळ आहे गळ्यात.”

“काम काय करता?”

“शेतीच की. दीड एकर ऊस हाय.”

झालं. शेतकरी, विडी नाही, छातीत पाणी. आपल्या देशात छातीत पाणी होण्याचं सर्वांत मोठं कारण क्षयच. तेव्हा क्षयाची औषधं सुरू होतात. डॉक्टरांचं यात चुकतं असं मी म्हणणार नाही. दहांतले बहुतेक रोगी त्याच औषधांनी बरे होतात. पण काकांनी शेती केली ती निवृत्तीनंतर. त्याआधी तीस वर्षं ते बॉयलर हाऊसला होते, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

तेच जर काकांनी म्हटलं असतं, “साहेब, आता शेती करतो, पण आधी कारखान्यात लॅगिंग फोडायचो, अ‍ॅस्बेस्टॉसचं,” तर तपासाची दिशा तिथल्या तिथे बदलू शकते. छातीतलं पाणी एकदा काढलं आणि ते पुन्हा भरलं, किंवा क्षयाच्या औषधांनी फरक पडेना, तर डॉक्टर अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. दुर्बिणीतून तुकडा घेणं जास्त खात्रीचं. नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा रोग पुष्कळदा सापडत नाही. तुकड्याची तपासणीही साधी नव्हे, मोठ्या प्रयोगशाळेत खास रंगद्रव्यं वापरून करावी लागते, कारण दुसरे कर्करोगही सूक्ष्मदर्शकाखाली असेच दिसतात.

उपचार काय? खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. हा रोग बरा करणारा खात्रीचा उपाय अजून नाही. २००३ साली पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या दोन औषधांची जोडी पुढे आली. त्या चाचणीत नुसत्या सिस्प्लॅटिनवर साधारण नऊ महिने मिळत, ते जोडीने बारा झाले. २०२० पासून शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं परदेशात मान्य झाली, त्यांनी आणखी थोडा पल्ला वाढवला. ती फार महाग आहेत. निवडक रोग्यांत शस्त्रक्रिया करतात. पाणी वारंवार भरू नये, दुखू नये, यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याने माणसाचे उरलेले दिवस सुसह्य होतात. खर्चाविषयी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी विचारावे. जमीन गहाण टाकण्याचा विचार नंतर.

मग निदान लवकर करून फायदा काय, असं कोणी म्हणेल. फायदा हा, की चुकीची औषधं महिनोन् महिने पोटात जात नाहीत, रोगी धडधाकट असताना उपचाराला पोचतो आणि कुटुंबाला भरपाईचा हक्क मागता येतो. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा कामगार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहेत. पण नोंद असून उपयोग काय, जर कागदावर रोगाचं नावच क्षय पडलं?

कायदा आणि बाजार

इंग्लंडने १९९९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली, युरोपीय संघाने २००५ मध्ये सर्व सभासद देशांत, कॅनडाने २०१८ मध्ये. कॅनडा स्वतः मोठा खाणमालक आणि एके काळी आपल्याला माल विकणारा देश, हे लक्षात घ्यावे. अमेरिकेने पांढऱ्यावर बंदीचा नियम केला तो २०२४ साली. आपल्याकडे खाणींच्या पट्ट्यांचे नूतनीकरण १९९३ मध्ये बंद झाले, पण परदेशातून माल आणून पत्रे करणं चालूच आहे. स्वतःच्या खाणी बंद आणि दुसऱ्याच्या खाणीतला माल चालू, हा न्याय मला तरी उमगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. आरोग्य हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचाच भाग, असं त्यात म्हटलं. आणि एक अगदी कामाची गोष्ट सांगितली: प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवायची. न्यायाधीशांना या रोगाचा चाळीस वर्षांचा मुक्काम माहीत होता. तो आदेश अ‍ॅस्बेस्टॉसचा माल करणाऱ्या उद्योगांना उद्देशून आहे. साखर कारखाना त्यात येतो का, यावर वकील वाद घालतील. पण ज्याचे मालक आपण सभासदच आहोत त्या कारखान्याने कोर्टाच्या हुकमाची वाट का पाहावी? ऑफ सीझनला लॅगिंगवर कोण कोण होतं, ठेकेदाराची माणसं कोणती होती, ही यादी जुन्या फोरमनना विचारून आजही करता येईल. आणखी दहा वर्षांनी विचारायला ते फोरमन असतील का?

गोठ्यावरचा पत्रा

पत्र्याविषयी आधी धीर देतो. गोठ्यावर किंवा घरावर धड असलेला सिमेंटचा पत्रा आहे, म्हणून उद्या उठून उतरवायची गरज नाही. सिमेंटात तंतू पक्के धरलेले असतात. लोखंडी पत्र्यापेक्षा तो उन्हात कमी तापतो, पावसात कमी वाजतो, गाभण म्हैस त्याखाली निवांत बसते, हे त्याचे गुण आपण नाकारू शकत नाही. ए.सी. पाईपमधून आलेलं पाणी प्याल्याने कर्करोग होतो असाही पुरावा मिळालेला नाही. धोका आहे तो धुळीचा, म्हणजे कापताना, भोकं पाडताना, घासताना आणि फोडताना.

आणि नेमक्या याच गोष्टी आपण बेफिकीरपणे करतो. गवंडी ग्राइंडर लावतो आणि दोन मिनिटांत आख्खं अंगण पांढरं होतं. पावसाळ्यापूर्वी शेवाळ निघावं म्हणून पोरांना वर चढवून तारेच्या ब्रशने पत्रा घासतो. जुने तुकडे शेताच्या वाटेवर खड्ड्यांत टाकतो आणि त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जाऊन त्यांचं पीठ करतात. हे तिन्ही प्रकार बंद झाले पाहिजेत.

पत्रा काढायचाच असेल तर बोल्ट खोलून सबंध काढावा, वरून खाली टाकू नये. आधी पाण्याने चांगला भिजवावा, भिजलेली धूळ उडत नाही. कापणं टळत नसेल तर ओला करून हातकरवतीने कापावा, ग्राइंडर मुळीच नको. तोंडाला गुंडाळलेला पंचा किंवा टॉवेल या तंतूला अडवत नाही. एफ.एफ.पी.-३ दर्जाचा मास्क दुकानात मिळतो, तो घट्ट बसवून वापरावा. झाडूने कोरडं झाडू नये. कपडे तिथेच भिजवावे, घरात नेऊन झटकू नयेत. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधावे आणि ग्रामपंचायतीकडे विल्हेवाटीची लेखी विचारणा करावी. ग्रामपंचायतीकडे आज सोय नसेल, पण मागणीच गेली नाही तर सोय होणारही नाही. आणि हो, जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये. तो खाली वाकत नाही, एकदम तुटतो. पत्रा फुटून खाली पडलेली माणसं या रोगाने गेलेल्यांपेक्षा आपल्या डोळ्यांसमोर जास्त आहेत.

नवीन छप्पर घालणाऱ्यांनी दुकानदाराला “विना-अ‍ॅस्बेस्टॉस” असं बिलावर लिहून मागावे. तसे सिमेंटचे पत्रे मिळतात, रंगीत लोखंडी पत्रेही मिळतात. लोखंडी घेतल्यास वर वाड्याचा किंवा पाचटाचा थर देऊन उन्हाचा ताप कमी करता येतो, मात्र आगीपासून जपावे.

एक कागद

कारखान्यात आता लॅगिंगसाठी काचेची किंवा दगडी लोकर वापरतात. जुन्या लाईनीवरचा जुना लेप मात्र वरून नुसता पत्रा गुंडाळून तसाच ठेवलेला असू शकतो. तो फोडण्याआधी नमुना तपासून घ्यावा, ओला करून काढावा आणि त्या वेळी आसपास इतर कामं चालू ठेवू नयेत. हे वार्षिक सभेत विचारण्यासारखं आहे. साखरेच्या उताऱ्याचा प्रश्न विचारतो तितक्याच ठणकावून विचारावे.

ज्यांच्या घरात जुना बॉयलर अटेंडंट, फायरमन, फिटर, वेल्डर, गवंडी किंवा ठेकेदाराकडचा हंगामी मजूर आहे, त्यांनी आज रात्री जेवण झाल्यावर त्याच्याजवळ बसून एक कागद लिहून घ्यावा. आई किंवा आजी असेल तर कपडे कोण धुवायचं तेही विचारावे. कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवावा आणि दम, छातीत दुखणं किंवा छातीत पाणी अशी तक्रार आली की पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या पुढे ठेवावा. त्यात एवढं असलं तरी पुरे:

“सन १९७८ ते १९९६. साखर कारखाना, बॉयलर हाऊस. दर ऑफ सीझनला दोन ते तीन महिने वाफेच्या लाईनीचं जुनं लॅगिंग फोडणे व नवीन लावणे. अ‍ॅस्बेस्टॉसची पावडर व दोरी हाताळली. मास्क नव्हता. विडी नाही. कपडे घरी पत्नी धूत असे.”